अस्तर

ताईला पित्ताचा त्रास आहे असं घरात सगळेच म्हणत, पण त्यात कुणाला काही विशेष वाटत नव्हतं. डोकं दुखलं की पित्त, मळमळलं की पित्त, उन्हातून आल्यावर जेवण गेलं नाही तरी पित्तच. हा शब्द माणसं इतक्या सढळ हाताने वापरतात की खरंच पित्ताचं दुखणं आलं तर ते ओळखू येत नाही. ताई स्वतः हसून म्हणायची, "माझं पित्त खवळत नाही गं, नुसतं कुरकुरतं. माझ्यावरच गेलंय." ते खरंही होतं. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात ताई कुणावर खवळलेली कुणी पाहिली नव्हती. उजव्या बरगडीखाली हात दाबून ती स्वेटर विणायच्या मशीनपुढे बसायची आणि कळ ओसरली की पुन्हा कामाला लागायची.

तिची बहीण तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. तिला घरीदारी सगळे धाकटीच म्हणत. पन्नाशीला टेकली तरी ते नाव काही सुटलं नव्हतं. धाकटी एका मोठ्या रुग्णालयाच्या लॅबमध्ये कामाला होती. ऑपरेशनमध्ये माणसाच्या शरीरातून जे काढलं जातं त्याचे तुकडे मेणात बसवायचे, त्या मेणाच्या वडीचे यंत्रावर काप काढायचे, ते काचपट्टीवर घेऊन रंगवायचे आणि डॉक्टरांच्या सूक्ष्मदर्शकाकडे पाठवायचे, हे तिचं काम. सव्वीस वर्षं ती हेच करत होती. तिचा हात असा की लॅबच्या प्रमुख डॉक्टरीणबाई नव्या लोकांना सांगायच्या, "हिने घरी कांदा चिरला तर तो भांड्यात दिसत नसेल."

घरात तिसरा माणूस म्हणजे धाकटीचा नवरा. बसच्या आगारात तो इंजिनं दुरुस्त करायचा, म्हणून त्याला सगळे मिस्त्री म्हणत. ताई तेवढी भाऊजी म्हणायची. मिस्त्री कमी बोलायचा. पूर्वी असा नव्हता, असं जुने शेजारी सांगत. पण तो पूर्वीचा मिस्त्री आता कुणाला नीटसा आठवतही नव्हता.

एका सकाळी ताईला हुडहुडी भरली, पोटात असा शूळ उठला की ती मशीनच्या स्टुलावरून खालीच बसली. धाकटीच्याच रुग्णालयात नेली. पित्ताशयात खडे आहेत, आणि ते पिकलंय, असं निघालं. "पिशवीच काढून टाकू," सर्जन म्हणाला. "तासाभराचं काम आहे." त्या तासाचे साडेतीन तास झाले. बाहेर आला तेव्हा त्याने टोपी काढून हातात घेतली होती. "पिशवी आजूबाजूला फार चिकटली होती. भिंतही जाड झाली होती. काढली आहे. तपासणीला पाठवतो. बघू."

मिस्त्री म्हणाला, "बरं झालं, सुटल्या ताई." डॉक्टरांचं 'बघू' धाकटीने आयुष्यभर ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काढलेल्या पिशवीची बरणी लॅबमध्ये आली. बरणीवर नाव नसतं, नंबर असतो. पण तो नंबर धाकटीने आदल्या दिवशीच वॉर्डातून पाहून ठेवला होता. आपल्या माणसाचा नमुना आपण हाताळायचा नाही, असा लॅबचा लेखी नाही पण पाळलेला नियम होता. धाकटीने तो मोडला. डॉक्टरीणबाईंनी तुकडे निवडून दिले, त्यांच्याही लक्षात आलं नाही. तिने ते मेणात बसवले, वडी थंड होऊ दिली, यंत्रात पकडली आणि चाक फिरवायला लागली. पात्यावरून मेणाची पातळ फीत सुटत गेली. ती तिने कोमट पाण्यावर तरंगवली, सुरकुती गेल्यावर काचपट्टीवर उचलली. काम असं असतं की ते हाताला रडू देत नाही.

रंगवून झाल्यावर तिने पट्टी आधी स्वतःच सूक्ष्मदर्शकाखाली धरली.

निरोगी पित्ताशयाचं आतलं अस्तर तिने शेकडो वेळा पाहिलं होतं, आणि तिला ते आवडायचं. उंच, सडपातळ पेशींची एकच रांग, एकमेकींना खेटून उभी; रांगेला बारीक चुण्या पडलेल्या, जशा भरघोस घेराच्या झग्याला पडतात. त्या पेशींचं काम साधं. यकृताकडून येणाऱ्या पित्तातलं पाणी शोषून ते दाट करायचं आणि त्या जळजळीत रसापासून मागच्या भिंतीला सांभाळायचं. इथे ती रांग मोडली होती. कुठे पेशी दबून चपट्या झालेल्या. कुठे गळूनच पडलेल्या, तिथे उघडी जखम. कुठे पित्ताशयाच्या पेशींच्या जागी आतड्यातल्यासारख्या पेशी येऊन बसलेल्या, जणू चुकीच्या घरात सून म्हणून नांदायला आलेल्या. आणि एका कडेला त्या एकमेकींच्या अंगावर चढल्या होत्या, वेड्यावाकड्या, काळपट, आणि भिंत पोखरत खाली उतरल्या होत्या.

धाकटी डॉक्टर नव्हती. पण एवढं कळायला डॉक्टर असावं लागत नाही.

डॉक्टरीणबाईंनी पट्टी पाहिली, बराच वेळ पाहिली, नोंदवहीत नंबरापुढचं नाव पाहिलं. मग म्हणाल्या, "हा नंबर कुणाचा आहे हे तुला माहीत होतं."

"हो."

"मग हे काम तू करायला नको होतंस."

"दुसऱ्या कुणी केलं असतं तर काप जाड आला असता, मॅडम."

डॉक्टरीणबाईंनी दार लोटून घेतलं आणि तिला बसायला खुर्ची दिली. कॅन्सर होता, पित्ताशयाची भिंत ओलांडून यकृतापर्यंत गेला होता. काही महिने, त्या म्हणाल्या. वर्ष म्हणायला त्यांचं धाडस होईना.

खरी गोष्ट कळली ती चार दिवसांनी. ऑपरेशनच्या वेळी सर्जनने थोडं पित्त काढून जंतू वाढवून बघायला पाठवलं होतं. त्याचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरीणबाई स्वतःच धाकटीच्या टेबलाशी आल्या.

"ताईंना कधी टायफॉइड झाला होता का?"

"झाला होता. एकोणतीस वर्षांपूर्वी, सासरी असताना. तिचा नवरा त्यातच गेला. ती वाचली."

"मग तेव्हापासूनचे असणार. पित्तात तेच जंतू निघालेत." डॉक्टरीणबाई स्टूल ओढून बसल्या. "शंभरात दोनचार माणसं अशी असतात. ताप जातो, जंतू जात नाहीत. पित्ताशयात खडा असला तर त्याच्यावर साय धरल्यासारखे चिकटून बसतात, अस्तराच्या पेशींत शिरतात. माणसाला काही कळत नाही. पेशी मरते, तिच्या जागी नवी येते, तिलाही ते गाठतात. वर्षानुवर्षं हेच चाललं की पेशी घाईघाईने बनत राहतात, आणि घाईत बनलेल्यातली एखादी बिघडते. सगळ्यांचं असं होत नाही. फार थोड्यांचं होतं."

धाकटी स्वेटरच्या बाहीचा काठ बोटाने उलगडत होती. लॅब थंड असायची, म्हणून ताईने सगळ्यांना एकेक स्वेटर विणून दिला होता; डॉक्टरीणबाईंच्या अंगावरही होता.

"ते जंतू बाहेर पडतात का, मॅडम?" तिने विचारलं. उत्तर तिला ठाऊक होतं.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. अठरा वर्षांपूर्वी त्या याच लॅबमध्ये होत्या आणि धाकटीच्या दारात येऊन गेल्या होत्या. प्रश्न कुठे निघालाय ते त्यांना कळलं.

"पडतात," त्या म्हणाल्या. "रोज नाही. महिनोन्महिने नाही, आणि मग एखाद्या दिवशी. हातावाटे, अन्नावाटे. पण माझं ऐक. त्या वेळचे जंतू कुणी जपून ठेवलेले नाहीत. ताडून बघायला काहीही नाही. शपथेवर मी सांगू शकत नाही, आणि तूही सांगू शकत नाहीस."

"नाही," धाकटी म्हणाली. "शपथ कोण मागतंय."

तिला एक मुलगी होती. बुटकी, गोल चेहऱ्याची, ठुमकत चालायची म्हणून तिला ठमी म्हणत. ठमी व्हायची होती तेव्हा धाकटीने विधवा ताईला आपल्या घरी आणलं. "तू नोकरी सोडू नकोस," ताई म्हणाली होती. "मूल मी बघते." आणि तिने बघितलं. ठमी पहिल्यांदा 'आई' म्हणाली ती ताईला, त्यावरून तिघं पोट धरून हसली होती; पुढे ती ताईला मोठीआई म्हणायला लागली. धाकटी लॅबमध्ये असताना ठमीला जेवू घालायची ती ताई. केळं बोटांनी कुस्करून दुधात घालायची, दूध फार कढत नाही ना ते करंगळी बुडवून बघायची, आणि घास भरवायची.

सहाव्या वर्षी ठमीला ताप आला आणि उतरेना. टायफॉइड, डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या आठवड्यात आतड्याला भोक पडलं आणि दोन दिवसांत खेळ संपला. ती शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, बाहेरचं काही खाल्लं होतं का? मिस्त्रीने मान खाली घालून सांगितलं, की सुट्टीच्या दिवशी बागेत नेलं होतं, तिथल्या गाडीवरचा रंगीत बर्फ घेऊन दिला होता. डॉक्टर "हं" म्हणाले. तेवढंच. पण रुग्णालयाच्या त्या व्हरांड्यात, लोकांदेखत, धाकटी नवऱ्याला म्हणाली होती, "तुम्ही मारलंत तिला."

त्यानंतर ती हे कधी बोलली नाही, आणि कधी परतही घेतलं नाही. संसार चालू राहिला. दोघं एका ताटलीतून जेवायची ती वेगवेगळी जेवायला लागली. ताई मध्ये होती म्हणून घर घर राहिलं. मिस्त्रीने तेव्हापासून थंड पाणीसुद्धा प्यायलं नाही. आगारात भर उन्हाळ्यात कुणी सरबताचा पेला पुढे केला तर तो "घसा धरतो" म्हणून सांगायचा.

रिपोर्ट कळला त्या दुपारी धाकटी घरी गेली नाही, सरळ आगारात गेली. इतक्या वर्षांत ती तिथे दोनदाच गेली असेल. मिस्त्री एका बसखाली पाठीवर पडून होता, नुसते बूट बाहेर. तिने बुटाला हात लावला.

तो सरकत बाहेर आला. तिचा चेहरा पाहून उठून बसला. "ताई?"

"ताई बरी आहे. म्हणजे, तशीच आहे. मला तुमच्याशी बोलायचंय."

जुन्या टायरांच्या ढिगाशेजारी एक बाकडं होतं, तिथे ती दोघं बसली. धाकटीने सगळं सांगितलं. जंतू, खडे, अस्तर, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते. सरळ एका दमात सांगितलं, मध्ये थांबली असती तर पुढे जाता आलं नसतं. मिस्त्री चिंधीने हात पुसत होता. हात स्वच्छ झाले तरी पुसत राहिला.

"म्हणजे बर्फ नव्हता," शेवटी तो म्हणाला.

"नक्की कुणीच सांगू शकत नाही. पण नसावा."

"तिने खाल्लाच नव्हता गं तो." मिस्त्री समोरच्या बसच्या चाकाकडे बघत बोलत होता. "दोनदा चाटला. मग कुत्रं बघून दचकली आणि हातातून पडला. रडायला लागली. मी दुसरा घेणार होतो, तर म्हणाली, नको, घरी चला, मोठीआई वाट बघत असेल."

धाकटी त्याच्याकडे वळली. "हे तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तू विचारलं नाहीस." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. "आणि दोनदा चाटल्यानेही होत असेल, म्हटलं. मला काय कळतं त्यातलं."

"मी तुम्हाला काय काय बोलले."

"एकदाच बोललीस."

"एकदाच बोलले, पण..."

"तुला तेव्हा कुणावर तरी रागवायचं होतं. मी जवळ उभा होतो." चिंधी त्याने घडी करून खिशात ठेवली. "ताईंना हे माहीत आहे?"

"नाही."

"सांगू नकोस."

"अहो, पण तुम्ही अठरा वर्षं..."

"म्हणून तर म्हणतोय. ते काय असतं ते मला माहीत आहे. त्यांच्याजवळ आता किती महिने आहेत? त्यांत त्यांना ते कशाला?" तो उठला. "मला सवय आहे. राहू दे माझ्याकडे."

तो पुन्हा बसखाली गेला. धाकटी फाटकापर्यंत आली आणि तिथे भिंतीला टेकून रडली. आपली मुलगी गेली तेव्हा ती इतकी रडली नव्हती. तेव्हा राग होता, आणि रागाला रडायला सवड नसते.

ताईला कॅन्सर आहे हे सर्जनने सांगितलं. ती म्हणाली, "बरं. मशीनवर दोन स्वेटर अर्धे आहेत, तेवढे होतील ना?" होतील, तो म्हणाला. पण पित्तात जंतू निघाले होते म्हणून चार आठवड्यांच्या वेगळ्या गोळ्याही होत्या, आणि नियमाप्रमाणे आरोग्य खात्याकडे कळवावंही लागलं. धाकटीने ताईला एवढंच सांगितलं, "आत थोडा संसर्ग आहे, म्हणून गोळ्या. आणि स्वयंपाकघरात जायचं नाही, टाके ओढतील." ताईने मान हलवली.

आठवड्याने आरोग्य खात्याची बाई आली. चाळिशीची, खांद्याला कापडी पिशवी, बोलायला मोकळी. धाकटीने तिला दारातच गाठून विनवलं होतं, की बहिणीला फार खोलात सांगू नका. "मला फक्त घरातल्या सगळ्यांचे नमुने घ्यायचेत आणि चार प्रश्न विचारायचेत," बाई म्हणाली. तेवढ्यात लॅबमधून बोलावणं आलं आणि धाकटीला जावं लागलं. संध्याकाळी परत आली तर ताई खिडकीशी मशीनवर नेहमीसारखी बसली होती.

"काय विचारलं गं बाईंनी?"

"काही नाही. पूर्वी कोणते आजार झाले, घरात कोण कोण असतं. बडबडी आहे, पण चांगली आहे."

तेव्हापासून ताईने स्वतःचा पेला, ताटली, चमचा वेगळा केला. हात इतक्या वेळा धुवायची की बोटांची सालं निघाली. धाकटीने केलेला चहा घ्यायची, पण कप स्वतः विसळायची, कुणाला हात लावू द्यायची नाही. धाकटी म्हणाली, "अगं, आता गोळ्या चालू आहेत, एवढं नको." तर म्हणे, "बाईंनी सांगितलंय हात धुवा म्हणून. सरकारी माणसाचं ऐकावं."

शेजारणीचं तान्हं मूल दुपारी ताईकडे खेळायला यायचं. ताईने त्याला घेणं बंद केलं. शेजारीण रुसली, तर ताई म्हणाली, "अंगात ताकद नाही गं, हातातून पडायचं." मूल दारातून तिच्याकडे हात करायचं आणि ती मशीनकडे तोंड फिरवायची. हे धाकटीने एकदा पाहिलं आणि ताईला कळलं तर नसेल, असं तिच्या मनात आलं. पण तिने स्वतःची समजूत घातली. कळलं असतं तर ताई बोलली असती. ताईच्या पोटात काही राहत नाही, असं ती लहानपणापासून धरून चालली होती.

चौथ्या महिन्यात कावीळ चढली. डोळे हळदीसारखे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली, अन्न नकोसं झालं. मशीन बंद पडलं. एक स्वेटर पुरा झाला होता, दुसऱ्याची पाठ तेवढी राहिली. मिस्त्रीने रजा काढली. ताईला उठवून बसवणं, उशी फिरवणं, पाण्याचा घोट देणं हे तो करायचा. ताई संकोचायची. "भाऊजी, तुम्ही कशाला? धाकटी येईल ना." तो म्हणायचा, "इंजिनापेक्षा तुम्ही हलक्या आहात, ताई." त्यावर ती हसली की खोकला यायचा.

एका दुपारी धाकटी लवकर घरी आली. चपला काढताना तिला आतल्या खोलीतलं बोलणं ऐकू आलं, आणि ती तशीच पॅसेजमध्ये थांबली.

"भाऊजी, एक विचारू?" ताईचा आवाज पार खोल गेला होता. "खरं सांगाल?"

"विचारा ना."

"त्या दिवशी बागेत ठमीने बर्फ खाल्ला होता. किती खाल्ला होता?"

पंखा फिरत होता. त्याचं एक पातं कुठेतरी घासायचं, त्याचा बारीक आवाज येत होता.

"सगळा खाल्ला, ताई," तो म्हणाला. "लाल घेतला होता. तो संपवला आणि हिरवा मागितला. मी तोही दिला. हट्टी होती ना."

"दोन खाल्ले?"

"दोन. घरी येईपर्यंत जीभ हिरवी होती तिची. तुम्हाला आठवत नाही? तुम्ही पुसलीत की ओल्या फडक्याने."

"आठवतंय," ताई म्हणाली. "हो. हिरवी होती."

"चूक माझी होती. पाणी कसलं असतं त्यांचं, मला कळायला हवं होतं. मी बाप होतो."

"नका हो असं म्हणू." ताईने हात पुढे केला असावा, कारण पलंग करकरला. "तुम्ही तिच्या आवडीचं दिलंत. लेकराला आवडीचं द्यावंसं वाटतंच."

धाकटी भिंतीला पाठ लावून उभी होती. आत जावं, ओरडून सांगावं की हे खोटं आहे, असं तिला एकदा वाटलं. आणि त्याच क्षणी कळलं, की आत जे चाललंय त्यात आपली जागा नाही. ती चपला पुन्हा घालून बाहेर गेली, कोपऱ्यापर्यंत चालून आली आणि मग जोरात दार वाजवून आत शिरली.

ताई त्यानंतर सोळा दिवस होती. शेवटचे तीन दिवस ती धाकटीला ओळखायची आणि विसरायची. मध्येच म्हणायची, "धाकटे, तू जा कामावर, मूल मी बघते." मग स्वतःच दचकून, "नको. नको, तूच बघ." एवढं म्हणून डोळे मिटायची. एका सकाळी, मिस्त्री तिची उशी नीट करत असताना, ती गेली.

महिना उलटला. धाकटी कामावर जायला लागली होती. खोलीतलं मशीन तसंच झाकून ठेवलं होतं; त्याचं काय करायचं ते दोघांना ठरवता येत नव्हतं. एका सुट्टीच्या सकाळी आरोग्य खात्याची बाई आली. धाकटी आणि मिस्त्री दोघांचे शेवटचे नमुने तपासून झाले होते, त्याचा कागद द्यायला. मिस्त्री मागच्या अंगणात नळाची गळती काढत बसला होता. धाकटीने तिला दारातल्या खुर्चीवर बसवलं.

"दोघांचेही स्वच्छ आले," बाई म्हणाली. "पुन्हा यावं लागणार नाही." कागद देऊन ती उठली, पण गेली नाही. "तुमच्या ताई फार शांत बाई होत्या. मी त्या दिवसापासून स्वतःवर चिडले होते खरं तर."

"का?"

"तुम्ही म्हणाला होतात खोलात सांगू नका. पण त्यांनी सरळच विचारलं. म्हणाल्या, हे किती वर्षांपासून असेल? मी म्हटलं, ताप आला तेव्हापासून. मग म्हणाल्या, मी भरवलेल्या लेकराला होऊ शकतं का? आता मी काय बोलणार? होऊ शकतं म्हटलं. खोटं कसं बोलू? मग त्या म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत, आणि माझ्या धाकटीला कळू देऊ नका की मला कळलंय." बाईने पिशवी खांद्यावर सारखी केली. "आता त्या नाहीत, म्हणून सांगितलं. मनात राहत होतं माझ्या."

धाकटीने दाराची चौकट धरली. म्हणजे ताईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ते चार महिने, तो वेगळा पेला, ती सालं निघालेली बोटं. आणि त्या दुपारी तिने मिस्त्रीला विचारलं ते माहीत असूनच. मग का विचारलं? काही क्षण स्वतःला खोटं ऐकवावं म्हणून? की त्याचा गुन्हा नव्हता हे त्याच्याच तोंडून निघावं, तो मोकळा व्हावा म्हणून? आणि तो मोकळा झाला नाही, उलट तिच्यासाठी ठमीला खोटाच आणखी एक बर्फ खाऊ घातला, तेव्हा तिने तोही मुकाट्याने घेतला? धाकटीला ठरवता आलं नाही. विचारायला आता कुणी नव्हतं.

बाई गेली. धाकटी कागद हातात घेऊन आतून मागच्या दारापर्यंत आली. मिस्त्री गुडघ्यावर बसून नळाचा आटा आवळत होता. मान खाली होती, आणि मानेवरचे केस पार पांढरे झाले होते. तिने ते इतक्या जवळून कितीतरी वर्षांत पाहिले नव्हते. ताई काही न कळता, सुखाने गेली, असं त्याला वाटत होतं. परवाच तो म्हणाला होता, "निदान त्या हे घेऊन गेल्या नाहीत." त्याच्या तोंडून इतकं लांब वाक्य महिनाभरात आलं नव्हतं.

"कोण होतं?" त्याने न वळताच विचारलं.

"आरोग्य खात्याच्या बाई."

"काय म्हणाल्या?"

"काही नाही," धाकटी म्हणाली. "आपले दोघांचे नमुने स्वच्छ आले." आणि ती त्याच्याशेजारी ओल्या फरशीवर बसली, आणि त्याने हात पुढे केला तसा त्याच्या हातात पाना दिला.